दोन बुरशीनाशकांची जोडी : प्रयोगशाळेत ती कशी पारखतात?



गेल्या पावसाळ्यात मेढा गटात ऊस पाहणी करत असताना एका सभासदांच्या बांधावर आम्ही थांबलो. पाऊस नुकताच उघडला होता. सुरू हंगामाची लागण, पीक सहा महिन्यांचे. शेंड्याकडची कोवळी पाने बुडाशी पिवळट-पांढरी पडलेली, काही पिळवटलेली. रोग ओळखायला वेळ लागला नाही. पोक्का बोईंग. बांधावर दोनशे लिटरचे बॅरल भरून ठेवलेले आणि शेजारी चार पुड्या : कार्बेन्डॅझिम, मॅन्कोझेब, कॉपर ऑक्सिक्लोराईड आणि लागणीच्या वेळची उरलेली ट्रायकोडर्माची पावडर. चारही एकाच बॅरलमध्ये पडायच्या बेतात होत्या.

आम्ही विचारले, "काका, ही सगळी एकत्र कशासाठी?"

"तुमच्याच चिठ्ठीत लिवलंय की, सायेब. ह्ये बघा."

चिठ्ठी खरोखर आमच्याच गट ऑफिसची होती. तीत लिहिले होते : कार्बेन्डॅझिम लिटरला १ ग्रॅम किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला २ ग्रॅम किंवा मॅन्कोझेब लिटरला ३ ग्रॅम. काकांनी 'किंवा'चा 'आणि' केला होता, आणि चौथी पुडी घरची घातली होती. कारण विचारले तर म्हणाले, "एकानं नाय मेली तर दुसऱ्यानं मरंल. दोनीनं नाय मेली तर तिसरं हायच की."

काकांचे म्हणणे ऐकायला अगदी रास्त वाटते. चूक असलीच तर आमची, कारण 'किंवा' का लिहिले हे चिठ्ठीत कुठेच सांगितलेले नव्हते. ते सांगावे म्हणून हा लेख. दोन औषधे एकत्र आल्यावर जोर वाढतो, तेवढाच राहतो, की उलट एकमेकांचे पाय ओढले जातात, हे अंदाजाने ठरत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत एक साधी, पण शिस्तीची कसोटी आहे. ती समजली तर बॅरलमध्ये काय टाकायचे आणि काय नाही हे आपले आपल्यालाच कळेल.

शत्रू कोण आहे?

उसावरचे बरेच मोठे रोग बुरशीचे आहेत. चाबकासारखा काळा पट्टा काढणारी काणी, पानांवरचा तांबेरा, कांडी आतून लाल करणारी लाल कूज, जमिनीतून कांडीच्या कापलेल्या टोकात शिरणारा अननस रोग आणि आपल्या पावसाळी पट्ट्यातला पोक्का बोईंग. हे शेवटचे नाव जावा बेटातले. तिकडच्या भाषेत त्याचा अर्थ बिघडलेला शेंडा असाच आहे. मेढ्याकडे पाऊस कोसळतो आणि साताऱ्यावरून कोरेगावकडे जाता जाता तो कमी होत जातो. त्यामुळे सततची ओल आणि ढगाळ हवा मागणारे रोग आपल्याकडे आधी दिसतात आणि पूर्वेकडच्या गटांत कमी.

या सगळ्या बुरश्या एका जातीच्या नाहीत. गाय, शेळी आणि कोंबडी यांना एकच औषध चालत नाही, तसेच इथे. म्हणून प्रयोगशाळेचे पहिले काम औषध पारखणे नसून बुरशी ओळखणे हे असते.

बुरशी बशीत कशी आणतात?

रोगट भाग आणि निरोगी भाग यांच्या सीमेवरचा लहानसा तुकडा कापतात. पूर्ण कुजलेल्या भागात घेतला तर नंतर आलेल्या उपऱ्या बुरश्याच जास्त मिळतात. तुकडा जंतुनाशक द्रावणात थोडा वेळ बुडवून निर्जंतुक पाण्याने दोन-तीनदा धुतात आणि खाद्यावर ठेवतात. हे खाद्य म्हणजे बटाट्याची खीरच म्हणा ना : एक लिटर पाण्याला २०० ग्रॅम बटाट्याचा काढा, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज साखर आणि ते थिजावे म्हणून २० ग्रॅम आगर. घरच्या कुकरच्या थोरल्या भावात, १२१ अंश सेल्सिअसला, दाबाखाली ते निर्जंतुक करतात आणि पेट्री डिश म्हणतात त्या झाकणाच्या काचेच्या बशीत ओततात.

बुरशी वाढली की तिचा शुद्ध वाण वेगळा काढतात. मग ती निरोगी उसाला टोचतात, तोच रोग उठतो का पाहतात आणि त्या उसातून तीच बुरशी पुन्हा काढतात. इतके झाले म्हणजे रोगाचा गुन्हेगार हाच, असे मानतात. आपल्या जिल्ह्यातले पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ सालचे, पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ सालची आणि कोइमतूरची ऊस पैदास संस्था १९१२ सालची. उसाच्या जाती आणि रोग यांचा अभ्यास या संस्थांत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

एका औषधाची कसोटी

आता औषध. खाद्य निर्जंतुक करून कोमट झाले, पण थिजले नाही, अशा वेळी त्यात मोजून औषध मिसळतात आणि बशीत ओततात. म्हणजे बुरशीला विष कालवलेले जेवण वाढतात. पद्धतीचे नावही विषयुक्त अन्न पद्धत असेच आहे. मधोमध शुद्ध बुरशीची ५ मिलिमीटरची गोल चकती ठेवतात आणि बशी २७-२८ अंशांच्या कपाटात ठेवून देतात.

याच वेळी एक बशी कोरी ठेवतात. कोरी म्हणजे खाद्य तेच, बुरशी तीच, कपाट तेच, फक्त औषध नाही. आणि प्रत्येक प्रकारची एकच नव्हे, तर तीन-चार बश्या लावतात, कारण एखादी बशी योगायोगानेही फसू शकते. कोऱ्या बशीतली बुरशी कडेपर्यंत पोहोचली की सगळ्या बश्यांतील वाढ पट्टीने मोजतात.

हिशेब सोपा आहे. समजा कोऱ्या बशीत बुरशी ९० मिलिमीटर पसरली आणि औषधाच्या बशीत २७. म्हणजे ६३ मिलिमीटर वाढ अडली. ६३ भागिले ९०, म्हणजे औषधाने ७० टक्के वाढ रोखली. कोरी बशी नसती तर २७ हा आकडा मोठा की लहान, हे कुणाला सांगता आले असते? या कोऱ्या बशीकडे आपण शेवटी पुन्हा येणार आहोत. ती लक्षात ठेवा.

मात्रा पीपीएममध्ये मोजतात, म्हणजे दहा लाखांत किती भाग. पाण्यात हे सोपे आहे : लिटरला एक मिलिग्रॅम म्हणजे १ पीपीएम. कार्बेन्डॅझिमची ५० टक्क्यांची पावडर लिटरला १ ग्रॅम टाकली तर मूळ औषध अर्धा ग्रॅम, म्हणजे ५०० पीपीएम पडते. पुडीवरचा टक्का न वाचता नुसते ग्रॅम मोजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

जोडीची कसोटी

आता दोन औषधे. इथेच बहुतेकांची गफलत होते. समजा कमी मात्रेत पहिले औषध एकटे ६० टक्के वाढ रोखते आणि दुसरे एकटे ५० टक्के. दोन्ही एकत्र टाकल्यावर किती? बेरीज करून कोणी ११० म्हणेल. पण शंभराच्या वर रोखायला बुरशी शिल्लक असते कुठे?

बरोबर हिशेब असा. पहिल्याने शंभरातले ६० अडवले, उरले ४०. दुसरे औषध उरलेल्यातले निम्मे, म्हणजे २० अडवील. एकूण ८०. दोन्ही औषधे आपापले काम एकमेकांकडे न बघता करत असतील तर बशीत ८० च्या आसपास आकडा यावा. कोल्बी नावाच्या शास्त्रज्ञाने १९६७ साली तणनाशकांच्या मिश्रणासाठी हा हिशेब मांडला आणि पुढे तो बुरशीनाशकांनाही लावला जाऊ लागला. आता प्रत्यक्ष बशीत ९२ आले तर जोडी खरोखर जमली. ८० आले तर दोघे सोबत चालतात, पण कुणी कुणाला ओढत नाही. ५५ आले तर जोडीने घात केला, कारण एकटे पहिले औषधच ६० देत होते!

बैलजोडीचे उदाहरण घ्या. दोन्ही बैल चांगले असले म्हणून जोडी चांगली होतेच असे नाही. एक जू ओढतो आणि दुसरा बाहेर रेटतो, तर त्यापेक्षा एकट्याने चालवलेला बरा.

माणसांच्या आजारांवरची औषधे पारखताना आणखी बारीक पद्धत वापरतात. तिला बुद्धिबळाच्या पटाची पद्धत म्हणता येईल. लहान लहान खळग्यांच्या पटावर आडव्या रांगेत पहिल्या औषधाची मात्रा दुपटीने वाढवत नेतात आणि उभ्या रांगेत दुसऱ्याची. त्यामुळे प्रत्येक घरात वेगळे मिश्रण तयार होते. मग बुरशी कोणत्या घरात वाढली आणि कोणत्या घरात अडली ते पाहतात. हिशेब आपल्या आण्यांत समजतो. समजा पहिले औषध एकटे १६ मात्रेला बुरशी अडवते आणि दुसरे एकटे ८ ला. जोडीत पहिल्याची ४ आणि दुसऱ्याची २ एवढ्याने काम झाले. म्हणजे पहिल्याचे चार आणे लागले, दुसऱ्याचे चार आणे, मिळून आठ आणे. रुपयाचे काम आठ आण्यांत किंवा त्याहून कमीत झाले तर तिला सहकार्य म्हणतात. त्याच कामाला चार रुपयांहून जास्त लागू लागले तर तो विरोध. मधे कुठेही आले तर विशेष काही घडले नाही असे धरतात. आणि अनुभव असा की बहुतेक जोड्या या मधल्याच खान्यात येतात.

जोडी का जमते, का मोडते?

२०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' म्हणजे म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात जो हाहाकार केला तो कुणी विसरलेले नाही. त्या वेळी अँफोटेरिसिन या इंजेक्शनसाठी नातेवाईक गावोगाव हिंडत होते. हे औषध बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉल नावाच्या स्निग्ध पदार्थाला धरते आणि आवरणाला भोके पाडते.

आता बुरशीमुळेच होणारा मेंदूज्वराचा एक प्रकार आहे. त्यावर अँफोटेरिसिनसोबत फ्लुसायटोसिन हे दुसरे औषध देतात. फ्लुसायटोसिन पेशीच्या आत जाऊन काम करते. एकटे दिले तर बुरशी लवकर त्याला दाद देईनाशी होते. पण पहिल्याने भिंतीला भोक पाडले की दुसऱ्याला आत शिरायला वाट मिळते. १९७९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या तुलनेत जोडी सहा आठवडे दिली, तर एकटे अँफोटेरिसिन दहा आठवडे. जोडीत अँफोटेरिसिनची रोजची मात्राही कमी होती, तरी जोडीचा निकाल सरस ठरला. ही जमलेली जोडी.

मोडणारी जोडीही याच घरातली आहे. अझोल गटाची औषधे बुरशीला एर्गोस्टेरॉल तयारच करू देत नाहीत. पहिल्या औषधाला दावे बांधायला जो खुंटा लागतो, तोच दुसऱ्याने उपटून टाकला तर पहिले धरणार कशाला? काही बुरश्यांवर प्रयोगशाळेत असा विरोध दिसलेला आहे. दोन्ही औषधे चांगली, पण एकत्र नीट चालतीलच असे नाही.

या कामात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला. तिथे डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या सूक्ष्म जीवांपासून हॅमायसिन हे माणसांसाठीचे आणि ऑरिओफंजिन हे पिकांसाठीचे बुरशीनाशक शोधून काढले. हॅमायसिन देणाऱ्या जीवाच्या शास्त्रीय नावातच पिंपरी आहे. ऑरिओफंजिन हेही अँफोटेरिसिनच्याच कुळातले. पुढे तमिळनाडूत नारळाच्या तंजावर मर रोगावर ऑरिओफंजिन २ ग्रॅम आणि मोरचूद १ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात मिसळून झाडाच्या मुळातून पाजण्याची शिफारस झाली. तिथे 'आणि' लिहिलेला आहे. मोजून, पारखून लिहिलेला 'आणि'.

मोरचुदाची आणखी जुनी जोडी तर आपल्या माहितीची आहे. फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी १८८५ साली मांडलेले बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना. तिथे चुना बुरशी मारायला नसून मोरचुदाने पान जळू नये म्हणून आहे. म्हणजे जोडीचा हेतू दर वेळी दुप्पट मार हाच असतो असे नाही.

तिसरा हेतू सर्वांत महत्त्वाचा. मेटॅलॅक्सिल हे औषध १९७० च्या दशकाच्या अखेरीस बटाट्याच्या करप्यावर आले आणि जादूसारखे चालले. १९८० साली आयर्लंड आणि हॉलंडमध्ये एकटे मेटॅलॅक्सिल मारलेल्या शेतांत बुरशी त्याला दाद देईना. हे औषध बुरशीच्या एकाच नेमक्या ठिकाणी घाव घालते. ते एक ठिकाण बदललेली बुरशी वाचते आणि तिचीच पिल्लावळ वाढते. म्हणून पुढे ते मॅन्कोझेबच्या जोडीने विकले जाऊ लागले. मॅन्कोझेब एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालते, त्यामुळे निसटणे अवघड होते. तासगावकडच्या द्राक्षवाल्या पाहुण्यांना विचारा, त्यांना ही जोडी पाठ आहे. आपल्याकडे मिळणारी कार्बेन्डॅझिम १२ टक्के आणि मॅन्कोझेब ६३ टक्के ही तयार पुडी याच विचाराची आहे. कार्बेन्डॅझिम पानात शोषले जाते आणि एका ठिकाणी मारते. मॅन्कोझेब पानावर राहते आणि अनेक ठिकाणी मारते. ही जोडी कारखान्यात प्रमाण ठरवून बनते. आपण बॅरलमध्ये अंदाजाने केलेला काला म्हणजे ती जोडी नव्हे.

चौथ्या पुडीचे काय झाले असते?

काकांची चौथी पुडी ट्रायकोडर्माची होती. ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक बुरशी आहे, पण आपल्या बाजूची. रोगाच्या बुरशीला ती वेढते, तिचे अन्न पळवते आणि तिलाच खाते. बुरशीनाशकाला मात्र आपली बुरशी आणि परकी बुरशी हा भेद कळत नाही. प्रयोगशाळेत हीच विषयुक्त अन्नाची कसोटी ट्रायकोडर्मावर लावतात तेव्हा कार्बेन्डॅझिमच्या अगदी थोड्या मात्रेलाही ती मान टाकते. मॅन्कोझेब ती त्या मानाने बरेच सोसते. म्हणजे त्या बॅरलमध्ये पहिली पुडी चौथीला मारणार होती. पैसे दोन्ही पुड्यांचे गेले असते.

बेणेप्रक्रियेतही हेच. शिफारस अशी आहे की १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डॅझिमच्या द्रावणात बेणे १० मिनिटे बुडवावे. ते बाहेर काढून, निथळून सुकल्यावर दुसऱ्या द्रावणात, म्हणजे १०० लिटर पाण्यात १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जीवाणू यांत, ३० मिनिटे बुडवावे. दोन टाक्या, दोन वेळा. वेळ वाचवायला दोन्ही एकाच टाकीत करणारे सभासद आम्ही पाहिले आहेत. जिवंत वस्तू आणि विष एका भांड्यात ठेवून जिवंत वस्तूकडून कामाची अपेक्षा करू नये, एवढेच म्हणतो.

जुन्या सभासदांना पाऱ्याच्या औषधात बेणे बुडवल्याचे आठवत असेल. ते मिथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराईड २०१८ साली केंद्र सरकारच्या आदेशाने बंद झाले. घराच्या माळ्यावर जुना डबा सापडला तर तो वापरू नका आणि ओढ्यातही टाकू नका. गट ऑफिसला कळवा.

बशी काय सांगत नाही?

प्रयोगशाळेवर विश्वास ठेवा, पण बशी म्हणजे शेत नव्हे हेही जाणून असा. बशीत पाऊस नसतो, आपल्याकडे तो फवारा वाळायच्या आत येतो. बशीत पान नसते, त्यामुळे मिश्रणाने पान करपेल का हे तिथे कळत नाही. बशीत बुरशी उघड्यावर असते, उसात ती कांडीच्या आत दडलेली असते.

लाल कुजीचे तसेच आहे. कांडी उभी चिरली तर आत लाल रंग, त्यात मधूनमधून आडवे पांढरे ठिपके आणि आंबूस, दारूसारखा वास. तिची बुरशी बशीत अनेक औषधांना मरते. पण कांडीची साल इतकी टणक की नुसते बुडवून औषध आत पोहोचत नाही. कोइमतूरला बेण्यातली हवा खेचून औषध आत शोषवण्याचे यंत्र बनवावे लागले ते यासाठीच. उत्तर प्रदेशात को ०२३८ या नावाजलेल्या जातीला अलीकडच्या वर्षांत लाल कुजीने ग्रासले आणि शेतकऱ्यांना जात बदलावी लागली. उभ्या पिकात लाल कूज बरी करणारी जोडी आजही नाही. तिथे उपाय म्हणजे निरोगी बेणे, सहनशील जात आणि रोगट बेट मुळासकट काढून नष्ट करणे. आपल्या त्रिस्तरीय बेणेमळ्यात बेण्याला ५४ अंशांची उष्ण बाष्पयुक्त हवा देतात. ती मुख्यतः काणी आणि गवताळ वाढ यांच्यासाठी. तिथे औषधापेक्षा उष्णता आत पोहोचते.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी लोकांना माहीत आहे. आपण शेतात मारतो त्या प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल या औषधांचे आणि दवाखान्यात फुप्फुसाच्या बुरशीवर देतात त्या औषधांचे कूळ एकच, अझोल. शेतात, मातीत आणि खतात राहणारी एक बुरशी शेतातल्या अझोलांना सरावली आणि मग तीच माणसाच्या फुप्फुसात गेल्यावर दवाखान्यातल्या औषधाला दाद देईना, असे प्रथम हॉलंडमध्ये ठळकपणे दिसले आणि पुढे भारतातही आढळले. म्हणजे विनाकारण मारलेला प्रत्येक पंप फक्त आपल्याच खिशातून जात नाही. त्याचे बिल एखाद्या वेळी गावातल्या दम्याच्या पेशंटच्या नावावरही निघू शकते.

मग आपण करावे काय?

एक. चिठ्ठीत 'किंवा' असेल तर एकच औषध घ्यावे. पुन्हा फवारायची वेळ आली तर दुसऱ्या गटातले घ्यावे, म्हणजे बुरशीला एकाच घावाची सवय लागत नाही.

दोन. जोडी हवीच असेल तर कारखान्यात बनलेली तयार पुडी घ्यावी आणि लेबलवर आपले पीक आहे का ते वाचावे.

तीन. दोन औषधे मिसळण्याची शिफारस असली तरी आधी काचेच्या बाटलीत थोड्या पाण्यात, त्याच प्रमाणात मिसळून अर्धा तास ठेवावे. गाठी झाल्या, फाटले, तळाला चिखल बसला किंवा बाटली गरम लागली तर ते मिश्रण पंपात घालू नये. बोर्डो मिश्रणात दुसरे काही मिसळू नये.

चार. ट्रायकोडर्मा आणि जीवाणू खते बुरशीनाशकाबरोबर कधीच मिसळू नयेत. शेणखतात मिसळून वेगळी द्यावीत.

पाच. तोंडाला फडके, हातात मोजे. मिश्रण हाताने ढवळू नये, काठीने ढवळावे.

सहा, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. दोन सऱ्या कोऱ्या ठेवाव्यात.

कोऱ्या बशीकडे परत येऊ म्हणालो होतो, ते हेच. पोक्का बोईंगची एक गंमत आहे. पाऊस ओसरला, ऊन पडले की शेंडा कुजायच्या थरापर्यंत न गेलेले बरेच ऊस आपोआप सावरतात आणि नवी पाने सरळ येतात. ज्याने त्याच आठवड्यात फवारले, तो म्हणतो औषधाने गुण आला. ज्याने चार पुड्या मिसळल्या, तो म्हणतो चारांनी गुण आला, आणि पुढच्या वर्षी शेजाऱ्यालाही चारच सांगतो. खरे काय ते कळायचा एकच मार्ग : त्याच रानात, त्याच जातीच्या, त्याच दिवशीच्या लागणीच्या दोन सऱ्यांना काहीच मारायचे नाही. तीन आठवड्यांनी दोन्हीकडचे बिघडलेले शेंडे मोजायचे. फरक पडला तर औषधाचे पैसे वसूल. नाही पडला तर तो पाऊस उघडल्याचा गुण, आणि पुढच्या वर्षी तेवढे पैसे खताला.

काकांनी त्या दिवशी मॅन्कोझेब एकटेच मारले. बांधाकडच्या दोन सऱ्या कोऱ्या ठेवायला मात्र ते सहज तयार झाले नाहीत. म्हणाले, "रोग दिसतूय आन् त्याला औषध न मारता कसं सोडायचं? जीव ऱ्हात न्हाय." आम्हाला ते पटते. स्वतःच्या पिकाला प्रयोग म्हणून उघडे ठेवणे सोपे नसते. शेवटी दोनाऐवजी एक सरी ठेवली. महिन्याभराने आम्ही आणि त्यांनी मिळून शेंडे मोजले. फरक होता, पण थोडा. चार पुड्यांच्या खर्चाइतका नक्कीच नव्हता. एका सरीवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे आम्ही त्यांना सांगितले. तरी या पावसाळ्यात त्यांनी आपणहून दोन सऱ्या कोऱ्या ठेवल्या आहेत आणि शेजारच्या रानवाल्यालाही ठेवायला लावल्या आहेत.

मेढा गटातील ज्या सभासदांना अशा कोऱ्या सऱ्या ठेवायच्या असतील त्यांनी गट ऑफिसात नाव द्यावे. मोजणीला आमचा शेती मदतनीस येईल. वहीत जात, लागणीची तारीख, औषध, मात्रा आणि दोन्हीकडचे बिघडलेले शेंडे एवढे लिहिले तरी पुरे. दहा-वीस रानांचे आकडे जमले तर पुढच्या पावसाळ्यात चिठ्ठी लिहिताना आम्हालाही अंदाजाने लिहावे लागणार नाही. आणि चिठ्ठीतला 'किंवा' आम्ही यापुढे ठळक अक्षरांत लिहू, हे आमच्याकडून.

आपला,
ऊस विकास अधिकारी